पुढच्या चाकांना ब्रेक बसवताना पीळ कुठे जातो ते आधी बघा

आमच्या आण्णांनी १९२७ ची शेवरोले टूरर गडहिंग्लजकडच्या एका वाड्यातून आणली तेव्हा मी पॉलिटेक्निकला होते. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक मोटार कोल्हापूरच्या दसरा चौकात येते, ती बघायला आम्ही आमची शेवरोले घेऊन जायचो. त्या गाडीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. शेवरोलेने चारही चाकांना ब्रेक दिले ते १९२८ च्या नॅशनल मॉडेलपासून. त्याच वर्षी जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत सुरू झाला. आमची गाडी एका वर्षाने चुकली.

ऊस हंगामात शिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अचानक थांबला की मागचे ब्रेक पुरत नाहीत. म्हणून आण्णांनी एका गॅरेजमध्ये पुढच्या स्टबला (चाक ज्यावर फिरतं त्या तुकड्याला) पत्रा वेल्ड करून जीपचे ब्रेक बसवून घेतले. पहिल्यांदा जोरात पाय दाबला तेव्हा स्टेअरिंग त्यांच्या हातातून हिसकलं आणि डावं चाक उसाच्या सरीत गेलं. कुणाला लागलं नाही. गाडी ओढून आणली, चाक काढलं, तर वेल्डच्या कडेने केसासारखी चीर गेलेली. आण्णा म्हणाले, "पोरी, ब्रेक लागतोय का नाही ते नंतर बघ. तो जोर जातोय कुठं ते आधी बघ." त्यानंतर गाडी झाकून ठेवली ती ठेवलीच.

आण्णा गेल्यावर मी ती पुन्हा उघडली. शिरोलीत आमचं मशीन शॉप आहे, लेथ-मिलिंग हाताशी आहे. तरी हे काम पुरं व्हायला दोन वर्षं लागली, कारण पहिले सहा महिने मी फक्त मापं घेतली आणि हिशेब केले. ज्यांच्याकडे अशी सरळ अ‍ॅक्सलची, पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगवरची), पुढे ब्रेक नसलेली गाडी आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुम्ही तुमचे काढा, रीत तीच.

सगळ्यात आधी कागदाचं. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळी व्हिंटेज नोंदणी आली. ती मूळ रूपात राखलेल्या, मोठा फेरबदल न झालेल्या गाडीला मिळते. त्यामुळे मी पहिल्या दिवशीच ठरवलं: चॅसिसला एकही नवं भोक नाही, एकही वेल्ड नाही. जे बसेल ते बोल्टने बसेल आणि बोल्टने सुटेल. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारून या, नंतर नको.

वजन करा, अंदाज नको

गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. माझी गाडी रिकामी ८८० किलो भरली: पुढे ४००, मागे ४८०. चार माणसं बसवून ११६०: पुढे ४७०, मागे ६९०. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १०३ इंच, म्हणजे २६१६ मिमी. गुरुत्वमध्याची उंची मी ६५० मिमी धरली. उंच टपाची गाडी असेल तर जास्त धरा.

ब्रेक मारला की गाडी पुढे झुकते, म्हणजे मागचं वजन पुढे येतं. किती येतं? एकूण वजन गुणिले ब्रेकचा जोर गुणिले उंची, भागिले अ‍ॅक्सलमधलं अंतर. गुरुत्वाच्या निम्म्या जोराने थांबायचं ठरवलं तर माझ्या गाडीत १४४ किलो पुढे सरकतात. मग पुढे ६१४ आणि मागे ५४६. ड्रायव्हर एकटाच असेल तर पुढचा वाटा ५८ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून मी वाटणी पुढे ६०, मागे ४० धरली. मागची चाकं आधी जाम झाली की गाडी आडवी फिरते, ते कधीच होऊ द्यायचं नाही.

आता हाच हिशेब फक्त मागच्या ब्रेकवर करून बघा. कोरड्या रस्त्यावर घर्षण ०.६ धरलं तरी गुरुत्वाच्या ०.३१ पटीपलीकडे जाता येत नाही, कारण जितका जोर लावाल तितकं मागचं वजन कमी होतं. ५० किमी वेगाला त्या ब्रेकने ३२ मीटर लागतात. निम्म्या जोराने थांबणारी गाडी २० मीटरमध्ये उभी राहते. मधले १२ मीटर म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची एक ट्रॉली.

११६० किलोंच्या निम्मे ५८०, त्याचे ६० टक्के ३४८, म्हणजे पुढच्या एका चाकाला १७४ किलो. टायर २९ बाय ४.४०, जमिनीपासून हबपर्यंत ३५५ मिमी. गुणाकार केला की पीळ, म्हणजे टॉर्क, येतो ६२ किलोग्रॅम-मीटर. हा आकडा मी शॉपच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. पुढचं सगळं काम या एका आकड्याभोवती फिरतं. हा पीळ ड्रममधून शूला, शूमधून बॅकप्लेटला, तिथून स्टबला, किंगपिनमधून (स्टब ज्या खिळीवर वळतो ती) अ‍ॅक्सलला, अ‍ॅक्सलमधून पाट्याला आणि पाट्यातून चॅसिसला पोचतो. ब्रेक नसलेल्या गाडीत यातल्या एकाही भागाने तो कधी सोसलेला नसतो.

गुळाच्या रव्याची चाचणी

नवं काही बनवण्याआधी जुनी गाडी काय करते ते डोळ्यांनी बघा. मी दोन मीटर लांबीचे दोन जाड पाइप घेतले, पाट्याच्या बैठकीशी यू-बोल्टने अ‍ॅक्सलला घट्ट आवळले आणि टोकं गाडीच्या पुढे काढली. मागच्या चाकांना ओट लावली. मग प्रत्येक पाइपच्या टोकाला मार्केट यार्डातून आणलेला ३० किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, टांगला. दोन मीटरवर ३० किलो म्हणजे ६० किलोग्रॅम-मीटर, जवळजवळ आपलाच आकडा.

पाइपची टोकं २१ सेंटिमीटर खाली गेली. म्हणजे अ‍ॅक्सल जागच्या जागी ६ अंश पुढे वळला. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे झाले, पुढचा अर्धा एकीकडे आणि मागचा अर्धा दुसरीकडे. आमच्याकडे कामाला असलेला पोरगा खाली वाकून बघत होता, तो म्हणाला, "ताई, स्टेअरिंग बघा." मी स्टेअरिंग धरून ठेवलं होतं, तरी खाली पुढची चाकं चार अंश डावीकडे वळली होती.

आण्णांच्या हातातून स्टेअरिंग का हिसकलं ते त्या दुपारी कळलं. अ‍ॅक्सल वळला की त्याच्यावरचा स्टेअरिंगच्या दांड्याचा बॉलही पुढे सरकतो, आणि ड्रायव्हरने काही न करता चाकं वळतात. दुसरी गोष्ट कास्टरची. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो म्हणून सायकल सरळ चालते. मोटारीत किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं ते त्याचसाठी. माझ्या गाडीत तो कोन ३ अंश होता. ६ अंश पुढे वळल्यावर तो उलटा ३ अंश झाला. ऐन ब्रेकच्या वेळी गाडी सरळ राहायचं विसरते.

हिशेब पाहिजे असेल तर असा: पाट्याचा कडकपणा गुणिले डोळ्यापासून डोळ्यापर्यंतच्या लांबीचा वर्ग, भागिले चार. माझा पाटा ९०० मिमी लांब आणि मिलिमीटरला २८ न्यूटन कडक. कागदावरही ६ अंशच आले, गुळाने दाखवले तेच. गाडी मऊ चालावी म्हणून पाने कमी करायचा मोह होतो. पाटा मऊ केला की हा कोन त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून पुढचा ब्रेक आणि पुढचे पाटे ही दोन कामं वेगळी करू नका.

पीळ घेणारा दांडा

उपाय आहे टॉर्क रॉड. पाट्याच्या बैठकीखाली यू-बोल्टमध्येच धरलेली एक ब्रॅकेट खाली उतरवायची आणि तिच्यापासून चॅसिसपर्यंत दांडा जोडायचा. वर पाटा, खाली दांडा, मधलं अंतर २०० मिमी. पूर्ण ब्रेकला माझ्या दांड्यावर साडेतीनशे किलोंचा जोर येतो.

दांडा कोणत्या दिशेला न्यायचा, यात बहुतेकांची चूक होते. तुमच्या पाट्याचं कोणतं टोक पिनवर आहे आणि कोणतं शॅकलवर (हलणाऱ्या लोंबत्या कडीवर), ते बघा. पिन ज्या बाजूला, दांडा त्याच बाजूला, पाट्याच्या त्या अर्ध्याला समांतर. लांबी त्या अर्ध्याच्या साधारण पाऊण. ४५० मिमीचा अर्धा असेल तर दांडा ३४० मिमी. असं केलं की खड्ड्यात अ‍ॅक्सल वरखाली होताना पाटा आणि दांडा एकाच कमानीत फिरतात. उलट्या बाजूला लावलात तर दोघं एकमेकांशी भांडतात आणि प्रत्येक खड्ड्याला कास्टर बदलत राहतो. दांडा अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर तो दाबला जातो, म्हणून सळई नको, नळी घ्या: २५ मिमी बाहेरची, ३ मिमी जाडीची. पुढे असेल तर ताणला जातो. दोन्ही टोकांना रबरी बुश घाला. लोखंडी सांधे केलेत तर गाडी एका बाजूला कलताना दोन्ही दांडे मिळून अ‍ॅक्सललाच पिळायला लागतात.

दांडे लावून मी पुन्हा तेच दोन रवे टांगले. टोकं साडेतीन सेंटिमीटर उतरली, म्हणजे एक अंश.

अ‍ॅक्सलची टोकं गोल का हवीत

जुना अ‍ॅक्सल आय सेक्शनचा असतो. वजन पेलायला तो आकार उत्तम, पिळायला अगदी कमजोर. माझ्या अ‍ॅक्सलची उंची ५० मिमी, पट्टी ४० मिमी रुंद, जाडी सगळीकडे ८ मिमी. त्यावर ६२ चा पीळ दिला की ताण येतो चौरस मिलिमीटरला २५ किलो, आणि जवळजवळ शंभर वर्षं जुन्या पोलादावर तो मी लावणार नाही. त्याच जागी ३८ मिमी व्यासाचा गोल दांडा असेल तर ताण सहा किलोंच्या आत राहतो, आणि लोखंड लागतं फक्त पाव पट जास्त. चारही चाकांना ब्रेक आल्यावर कितीतरी कारखान्यांनी अ‍ॅक्सल पाट्यांच्या मध्ये आय सेक्शनचा ठेवला आणि पाट्यापासून किंगपिनपर्यंत गोल किंवा अंडाकृती केला, तो याच कारणाने. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात खाली वाकून बघा, दिसेल.

मी नवा अ‍ॅक्सल ईएन १९ या मिश्र पोलादाच्या फोर्ज केलेल्या दांड्यातून मिलिंग करून घेतला, मग हार्डनिंग-टेंपरिंग. स्टब ईएन २४ चे. बेअरिंगच्या पायरीला ३ ते ४ मिमीची गोलाई सोडा. तिथे टोकदार कोपरा राहिला तर चीर तिथूनच सुरू होते. सगळे भाग मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्या आणि त्याचा कागद जपून ठेवा.

नवा स्टब करतच आहात तर किंगपिन तिरका करा. जुन्या गाडीत किंगपिन उभा, त्यामुळे त्याची रेघ जमिनीला टायरच्या मधल्या रेघेपासून ७५ मिमी आत टेकायची. एका बाजूचा ब्रेक जरा जास्त धरला की त्या ७५ मिमीच्या तरफेने स्टेअरिंग ओढलं जातं. किंगपिन ८ अंश कलवला की ३५५ मिमी उंचीवर ५० मिमी भरून निघतात आणि २५ उरतात. ओढ एक तृतीयांशावर येते. हाताला हा फरक पहिल्याच ब्रेकला कळतो.

ड्रम

इथे आपण कोल्हापुरात आहोत याचं मोल कळतं. ज्या गावात शेतीच्या इंजिनांपासून ट्रकच्या भागांपर्यंत सगळं ओतलं जातं, तिथे दोन ड्रमसाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही. पॅटर्न उद्यमनगरातल्या तात्यांनी सागवानात केला. पंच्याहत्तरीचे आहेत, अजून आकसपट्टी हातात धरून माप घेतात. बीड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचा मिलिमीटर खऱ्यापेक्षा तेवढाच मोठा असतो. "तोंडाला तीन मिमी जादा दे, आणि बाहेरून कड्या घाल, हवा लागली पाहिजे," म्हणाले. बिडाची ग्रेड एफजी २६०. भट्टीवाल्याला टेस्ट बारसुद्धा त्याच ओतीतून द्यायला सांगा.

आतला व्यास २८० मिमी, भिंत ९ मिमी. कच्चं टर्निंग, मग स्ट्रेस रिलीव्हिंग. शेवटचा कट मात्र ड्रम हबवर, चाकाचे बोल्ट घट्ट आवळून, मगच घ्या. मी पहिला ड्रम सुटा फिनिश केला होता. लेथवर डायल हललं नव्हतं, चाकाला बांधल्यावर पंधरा शतांश मिलिमीटर फिरायला लागलं. बोल्ट आवळताना ड्रम ओढला जातो. पाच ते आठ शतांशाच्या आत ठेवा, नाहीतर पायाखाली पेडल धडधडतं.

चाकं लाकडी आऱ्यांची असतील तर ब्रेकचा पीळ आता आऱ्यांनाही बसणार. प्रत्येक आऱ्यावर लहान हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आरा तुंब्यात सुटला आहे. चाक रात्रभर पाण्यात ठेवून आरे फुगवायची जुनी रीत ब्रेकच्या चाकाला चालत नाही, लाकूड वाळलं की पुन्हा ढिलं. माझे चार आरे एका बैलगाडीच्या सुताराने बदलून दिले.

तेल आणि पेडल

पुढे हायड्रॉलिक, मागे जुन्याच सळया. दोन्ही व्यवस्था वेगळ्या, एक बिघडली तर दुसरी शिल्लक. पेडलवर बॅलन्स बार आहे, तो पायाचा जोर दोन्हीकडे वाटतो. बारला दोन्ही बाजूंनी अडणी ठेवाच. नाहीतर पुढचं तेल गळालं की बार नुसता तिरका होत जाईल आणि मागचाही ब्रेक लागणार नाही.

मापं अशी: व्हील सिलिंडर एक इंची, पेडलकडचा मास्टर सिलिंडर पाऊण इंची, पेडलची तरफ पाचास एक. लायनरचं घर्षण ०.३५ धरलं तर पुढच्या ब्रेकसाठी पायाचे २५ किलो लागतात. मागचे धरून ४० ते ४५, हे कुणालाही झेपतं. डॉट ३ ब्रेक तेलच घाला. इंजिन ऑइल टाकलं की रबरी सील फुगतात आणि ब्रेक धरून बसतो. जुने लायनर काढताना हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

धक्के शोषायला मी घर्षणाचे डँपर केले, दोन हात आणि मध्ये लायनरच्या चकत्या. हाताच्या टोकाला स्प्रिंग काटा लावून ओढा, १२ ते १५ किलोंना हलला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या.

रस्त्यावर

आधी ३० च्या वेगाला तीस हलके ब्रेक, मधे गार होऊ देत. मग मोकळ्या मुरमाच्या मैदानात कुणाला तरी बाजूला उभं करून बघायला सांगा, कोणतं चाक आधी जाम होतं. मागचं झालं तर बॅलन्स बार पुढे सरकवा. पुढची दोन्ही एकदम, मागच्यांच्या जरा आधी, इतकं जमलं की बारचा नट पिन घालून बंद करा.

घाटात घाई करू नका. ६० च्या वेगावरून एकदा थांबलात तर पुढचा ड्रम १४ अंशच तापतो. पण भरलेली गाडी दर १०० मीटर उंची उतरते तेव्हा अशा सात थांब्यांइतकी ऊर्जा निघते, आणि मध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही. पन्हाळ्यावरून वाघबीळला उतरताना मी दुसऱ्या गिअरमध्ये असते, ब्रेक दाबते आणि सोडते. खाली पोचल्यावर ड्रमवर पाण्याचे थेंब टाकून बघते. चर्र झालं तर त्या दिवशी मी जास्त ब्रेक वापरला.

५० वरून माझी गाडी आता २२ मीटरमध्ये थांबते, स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवून. जुना अ‍ॅक्सल आणि दोन्ही स्टब, चीर गेलेल्या वेल्डसकट, ग्रीस लावून लाकडी पेटीत ठेवले आहेत. पेटीवर मापं आणि काढल्याची तारीख लिहिली आहे. तुमचे जुने भागही भंगारात घालू नका, गाडीबरोबरच ठेवा.